नववीतल्या मुलाला एक वर्ष द्या

(भिवपुरी, ता. कर्जत इथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणी लोकलने आलात, कोणी नेरळहून रिक्षाने, कोणी खोपोलीकडून मोटरसायकलवर. रविवार मोडून आलात, त्याबद्दल आधी शुक्रिया. मला दिलेला विषय आहे माध्यमिक शाळेतल्या मुलांना मार्गदर्शन आणि भावनिक आधार. मी याच भागात बरीच वर्षं गणित शिकवते आहे, आणि गणिताची माणसं उत्तर आधी सांगून मग रीत लिहिणाऱ्या मुलांवर रागावतात. पण आज मी तेच करणार आहे. मध्येच कोणाला लोकल पकडायला उठावं लागलं, तरी मुद्दा राहून जायला नको.

माझं म्हणणं असं : तुमच्यापैकी प्रत्येकाने नववीतल्या एका मुलाला किंवा मुलीला एक वर्ष द्यावं. आठवड्याला एक तास. आणि ज्याला एक वर्ष जमणार नाही, त्याने हे काम सुरूच करू नये. यातलं दुसरं वाक्यही पहिल्याइतकंच मनापासून सांगते आहे. का, ते पुढे सांगते.

आपण बसलो आहोत त्या भिवपुरीत १९२२ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. वरच्या आंध्रा खोऱ्यातलं पाणी घाट उतरून खाली येतं, त्याची वीज होते आणि तारांवरून मुंबईकडे जाते. आपल्या शिकलेल्या पोरांचंही तसंच झालं आहे. दहावी-बारावी झाली, डिप्लोमा झाला, की कल्याण, ठाणे, मुंबई. जाण्यात गैर काहीच नाही, पोट तिकडे आहे. पण मागे जो मुलगा नववीत बसलाय, त्याला ओळखीचं असं एकही माणूस दिसत नाही, जे त्याच्याच मोहल्ल्यातून, त्याच्याच बाकावरून उठून पुढे गेलं. तुम्ही ते माणूस आहात. म्हणून तुम्हाला बोलावलं आहे.

नववीच का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. त्यापुढची हमी तो देत नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीला, सातवीला, फार तर आठवीला संपते. मग दुसऱ्या गावचं हायस्कूल, नवे शिक्षक, एसटी किंवा टमटम, आणि एका वर्गात साठ-सत्तर मुलं. उर्दू माध्यमातून आलेल्या काही मुलांची याच वळणावर भाषाही बदलते. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, सगळं एकदम अंगावर येतं. शरीर बदलत असतं ते वेगळंच. आणि याच वयात घरातून पहिल्यांदा ऐकू येतं, "आता मोठा झालास, चार पैसे आण."

आपल्या तालुक्यात चार पैसे आणण्याची सोय फार जवळ आहे. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर वाढप्याचं काम मिळतं. पावसाळ्यात धबधब्यांवर पर्यटक येतात, तिथे मक्याची कणसं विकता येतात. गॅरेज आहे, सेंट्रिंगचं काम आहे. कातकरी वाड्यांवर तर दिवाळीनंतर अख्खं कुटुंबच वीटभट्टीवर निघतं आणि मूल त्यांच्यासोबत जातं. मुलींचं वेगळं. लहान भावंडं, घरकाम, आणि "हायस्कूल लांब आहे" या एका वाक्यात संपणारं शिक्षण.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की, ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा गेली आणि सुटली. त्यानंतर बरंच बदललं, मुली तर खूप पुढे आल्या. पण गळती जिथे होते ती जागा मी रोज बघते. पाचवीत मूल सहसा शाळा सोडत नाही. ते नववीत सोडतं, आणि सोडण्याआधी तीन-चार महिने गप्प होतं. शाळा सुटण्याची पहिली खूण हजेरीपटावर दिसत नाही, ती मुलाच्या बोलण्यात दिसते.

मुलं काय म्हणतात

'नैराश्य', 'चिंता', 'मानसिक ताण' हे शब्द मुलं वापरत नाहीत. हे आपले, छापील शब्द. मुलं म्हणतात, "मॅडम, डोकं दुखतंय." "मूड नाही." "कायतरी होतंय आतमध्ये." एखादी मुलगी म्हणते, "दिल घबराता है." पोटात दुखतं म्हणून दर सोमवारी घरी राहणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या पोटात खरंच दुखतं. फक्त त्याचं कारण पोटात नसतं.

माझ्या वर्गात एक मुलगा सोमवारी पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायचा. आळशी म्हणून सगळ्यांनी त्याची नोंद करून टाकली होती. आमच्या गटातला एक तरुण त्याच्यासोबत बसायला लागला. हा तरुण स्वतः कारखान्यात शिफ्टवर काम करणारा. त्याने पहिल्या दोन भेटींत अभ्यासाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या भेटीत कळलं की, पोरगा रविवारी रात्री एक वाजेपर्यंत पार्टीची भांडी उचलतो, कारण अब्बूंचं काम सुटलंय आणि हे शाळेत कोणाला कळलेलं त्याला नको आहे. त्याला उपदेश नको होता. रविवारऐवजी शनिवारचं काम घे आणि रविवारी झोप, एवढी साधी मांडणी कोणीतरी त्याच्यासोबत बसून करायची गरज होती. तो आता आयटीआयला आहे. यात चमत्कार काही नाही. त्याला कोणीतरी कारण विचारलं, एवढंच.

शिकलेलं लागतं, की टिकणारं?

तुम्ही म्हणाल, आम्ही मानसशास्त्र शिकलेलो नाही. आम्ही काय करणार?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था त्यामागे होती आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ७४ सरकारी माध्यमिक शाळा तीन गटांत विभागल्या. एका गटात शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन मुलांच्या आधाराचं काम दिलं. दुसऱ्या गटात बाहेरचा, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण प्रशिक्षण दिलेला माणूस शाळेत नेमला. त्याला 'सेहेर मित्र' म्हणत. तिसऱ्या गटात नेहमीचंच चालू ठेवलं. मोजमाप केलं ते नववीच्या मुलांचं. जिथे 'मित्र' होता, तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, उदासीची लक्षणं कमी झाली, दादागिरी कमी झाली. जिथे तेच काम शिक्षकांवर टाकलं, तिथे नेहमीच्या शाळांपेक्षा काही फरक दिसला नाही.

मी शिक्षिका आहे, तरी हे तुम्हाला सांगते आहे. शिक्षक वाईट असतात म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. शिक्षकाच्या हातात गुण असतात, हजेरी असते, घरी निरोप धाडण्याची ताकद असते. ज्याच्या हातात गुण आहेत, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. तुमच्या हातात यातलं काहीच नाही, आणि हीच तुमची पात्रता आहे.

आता 'एक वर्ष' कशासाठी, ते. अमेरिकेत हे काम फार जुनं आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी माणसांना आवाहन केलं की, न्यायालयात येणाऱ्या एकेका मुलाचा मोठा भाऊ व्हा. त्यातून 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था उभी राहिली. पुढे संशोधकांनी या जोड्यांचा अभ्यास केला. २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी त्यातला काळाचा हिशोब मांडला. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधी होता त्याहून खाली गेला.

हे नीट ऐका. अर्धवट सोडलेल्या सोबतीने मुलाचं नुकसान होतं. ज्या मुलाचे वडील घर सोडून गेलेत, ज्याचे शिक्षक दर वर्षी बदलतात, त्याच्या आयुष्यात तुम्ही रमजानपुरते येता, फोटो काढता आणि ईदनंतर दिसत नाही. तो काय समजतो? माझ्यातच काहीतरी खोट आहे, म्हणून माणसं जातात. म्हणून म्हणाले, वर्ष जमत नसेल तर सुरू करू नका.

गर्दी ओसरल्यानंतर

हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ठाकर समाजाची वाडी. काही मुलं आश्रमशाळेत राहत होती म्हणून वाचली, आणि घर मात्र गेलं. त्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र चौकच्या रस्त्यावर होता. चादरी, धान्य, वह्या, नेते, कॅमेरे. त्या मदतीला मी नावं ठेवत नाही, ती लागतेच. पण दुःखाला आठवड्याचं वेळापत्रक नसतं. पुढच्या वर्षी पहिला पाऊस कौलांवर वाजतो, तेव्हा मुलाला भीती वाटते. पालकसभेची चिठ्ठी हातात पडते, तेव्हा आई आठवते. त्या दिवशी तिथे कोण असतं, हा खरा प्रश्न.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलं पुण्याला आणली. वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था झाली, आणि मुलं शिकेपर्यंत ती चालली. काम मदतीच्या ट्रकपाशी थांबलं नाही. आपल्याला १,२०० नकोत. आपल्याला एक हवं.

कसं करायचं

आता रीत लिहिते. वही असेल तर काढा.

पहिलं : एका वेळी एक मूल. फार तर दोन. दहा मुलं घेतली की ती शिकवणी होते.

दुसरं : शाळेला आणि आई-वडिलांना विचारल्याशिवाय सुरुवात नाही. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. मुलाच्या घरी जा, चहा घ्या, तुम्ही कोण, कुठे राहता, आठवड्यात कोणत्या वेळी भेटणार, हे सांगा. अम्मीला शंका असेल तर ती रास्त आहे. अनोळखी माणूस आपल्या मुलाशी बोलायला आला तर शंका यायलाच हवी.

तिसरं : मुलींसोबत मुली, मुलग्यांसोबत मुलगे. भेट चारचौघांना दिसेल अशा जागी. शाळेचा व्हरांडा, वाचनालय, घराचा ओटा. बंद खोली नाही, मोटरसायकलवर फिरवणं नाही, रात्रीचे खासगी मेसेज नाहीत, पैशांची देवघेव नाही. हे नियम मुलाला जपतात आणि तुम्हालाही.

चौथं : पहिल्या चार भेटींत सल्ला द्यायचा नाही. एकही नाही. तुम्हाला जीभ चावावी लागेल. क्रिकेट, मोबाईल, मैत्रिणी, जेवण, जे निघेल ते बोला. मूल तुमची परीक्षा घेत असतं. सांगितलेल्या वेळी येता का, मागच्या आठवड्यात मी काय बोललो ते लक्षात आहे का, एवढंच ते बघत असतं. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. न कळवता चुकवलेली एक भेट भरून काढायला पुढच्या पाच लागतात.

पाचवं : काही वाक्यं बंद. "तुझ्या वयात आम्ही..." बंद. "यात रडण्यासारखं काय आहे?" बंद. "मुलगे रडत नाहीत" बंद. "शेजारच्याला बघ, नव्वद टक्के मिळाले" हे तर कायमचं बंद. त्याऐवजी, "मग काय झालं?" आणि "तेव्हा तुला कसं वाटलं?" आणि त्यानंतर गप्प बसणं. गप्प बसणं सगळ्यात कठीण.

सहावं : कागदपत्रांची मदत. आपण भावनिक आधार म्हणतो आणि मुलाची झोप उडालेली असते उत्पन्नाच्या दाखल्यापायी. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. किती मुलं फॉर्मच भरत नाहीत, कारण सांगणारं कोणी नसतं! शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे माहीत नसतं. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत जाता येतं, हे निकालाच्या दिवशी कोणी शांतपणे सांगत नाही. तुम्ही सांगा. तहसील कचेरीच्या रांगेत मुलाच्या वडिलांसोबत उभे राहा. त्या रांगेतसुद्धा आधार देता येतो.

अमानत, आणि तिची हद्द

मूल तुमच्यावर विश्वास ठेवून काही सांगतं, ती अमानत आहे. ती मोहल्ल्यात, जमातीच्या बैठकीत, स्वतःच्या घरीसुद्धा उघडायची नाही. पण अमानतीला हद्द असते, आणि ती हद्द पहिल्याच भेटीत सांगून ठेवायची : "तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मी एकट्याने गप्प बसणार नाही. काय करायचं, ते आधी तुला सांगेन."

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "घरातलं आहे, घरात मिटवू" असं सांगणारे बुजुर्ग भेटतील. त्यांचा मान ठेवा आणि कायदा पाळा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तोही पाठ करा.

दुसरी गोष्ट अधिक जपून बोलायची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. एखादं मूल म्हणालं, "मी नसतो तर बरं झालं असतं," किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी ऐकायला तयार आहे, हे त्याला कळतं. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या जबाबदार माणसाला त्याच वेळी सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. हा क्रमांक आत्ता मोबाईलमध्ये सेव्ह करा, मी थांबते.

तुम्ही डॉक्टर नाही, हे विसरायचं नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत जाणारा माणूस, ही तुमची जागा.

दुआ आणि दवा

आपल्या घरांत मूल उदास झालं की तीन गोष्टी ऐकू येतात. "नजर लागली." "नमाज सोडली म्हणून असं होतं." "सब्र कर." मी कोणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. नमाजीत मन शांत होतं, हे मी स्वतः जाणते. दादी मुलाच्या कपाळावर हात ठेवून काही पढून फुंकते, त्या हातात माया असते आणि मुलाला ती पोहोचते. पण ज्या मुलाला आधीच वाटतंय की मी वाईट आहे, त्याला "तुझा ईमान कमी पडला" असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याच्या खांद्यावर दगड ठेवणं. मलेरिया झाला तर आपण दुआही करतो आणि गोळीही देतो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का? तावीज गळ्यात असू द्या, आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका. घरच्यांशी असं बोललं की वाद होत नाही आणि मूल दवाखान्यात पोहोचतं.

टोमणा

एक विषय आपण आपापसात बोलतो आणि मुलांशी बोलायचं टाळतो. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाला विचारलं जातं, "काय रे, काल कोणाकडून होतास?" कधी नावावरून, कधी डब्यावरून, कधी मुलीच्या स्कार्फवरून. सगळ्या वर्गांत होतं असं नाही, पण ज्याच्याशी होतं तो घरी सांगत नाही. मारामारी होईल, किंवा शाळा बंद होईल, या भीतीने.

अशा मुलाला "दुर्लक्ष कर" म्हणू नका आणि चिथवूही नका. आधी म्हणा, "हे चूक आहे, आणि तुझी काही चूक नाही." मग त्याला विचारा, वर्गात तुझ्या बाजूने कोण उभं राहिलं असतं? बहुतेक वेळा एक नाव निघतं. ते नाव एखाद्या आगरी मुलाचं असतं, एखाद्या आदिवासी मुलाचं असतं. त्या मैत्रीला धरून पुढे जा. त्यानंतर वर्गशिक्षकांशी बोला, शांतपणे, तारीख-वार सांगून.

आणि याचसाठी सांगते, सोबतीला घ्यायचं मूल फक्त आपल्या जमातीतलं बघू नका. शाळा जी नावं सुचवेल ती घ्या. कातकरी वाडीतल्या मुलीसोबत तुमच्यापैकी एखादी बाजी वर्षभर बसली, तर त्या वर्गात तुमच्याविषयी जे मत तयार होईल, ते शंभर सलोखा परिषदांनी होणार नाही.

आपली आपण काळजी

हे काम एकट्याने करू नका. महिन्यातून एकदा सगळ्या सोबत्यांनी एकत्र बसायचं. मुलाचं नाव न घेता आपलं ओझं उतरवायचं. दुसऱ्याचं दुःख ऐकून आपणही थकतो.

१० ऑक्टोबर १८५६ चं सावित्रीबाईंचं जोतीरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या. त्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. मला त्यातून दिसतं की, पावणेदोनशे वर्षांपूर्वीही शाळा चालवणाऱ्या बायका मुलींची काळजी घेताना एकमेकींच्या ओझ्याचाही हिशोब ठेवत होत्या. एकीने बसावं लागलं तर दुसरी उभी होती. आपल्या गटातही एकाची बदली झाली, एखादी लग्न होऊन गेली, तर दुसऱ्याने उभं राहायचं. आणि जाणाऱ्याने मुलाला नीट सांगून, नवीन माणसाची ओळख करून देऊन जायचं. गायब व्हायचं नाही.

शाळेकडे काय मागायचं

आपण केलं म्हणून शाळा आणि सरकार सुटत नाही. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना ठरलेला माणूस द्यायचा आहे. शिक्षकांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हायला हवं. आपल्या हायस्कुलांमध्ये यातलं काय आहे, हे विचारायला शाळा व्यवस्थापनाकडे जा. भांडायला नको, अर्ज घेऊन जा. आणि म्हणा, समुपदेशक मिळेपर्यंत आम्ही सोबती म्हणून यायला तयार आहोत. मिळाल्यावरही येऊ.

शेवटचं. ज्यांना वर्ष देता येणार नाही, त्यांनी मान खाली घालू नका. त्यांच्यासाठीही कामं आहेत : फॉर्म भरण्याची मदत, वाचनालयात पुस्तकं, दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या गेटवर दोन तास उभं राहणं. तीही लागतात. पण सोबती व्हायचं असेल, तर जूनपासून पुढच्या जूनपर्यंत. पावसाळा, सहामाही, दिवाळी, रमजान, वार्षिक परीक्षा, सगळं धरून.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. एकात तुमचं नाव, दुसऱ्यात आठवड्यातला वार आणि वेळ. घाईने लिहू नका. घरी विचारा, शिफ्ट बघा, लोकलचं वेळापत्रक बघा. चार दिवसांनी लिहिलंत तरी चालेल. मात्र एकदा वार लिहिलात, की त्या वारी कोणीतरी ओट्यावर बसून तुमची वाट बघत असेल.